कोल्डमधली बिननावाची

पहिली हाक मी काशीच्या नावानं मारली, आणि मारल्याबरोबर मला कळलं की आता दार उघडणार नाही.

मी फरशीवर पालथी पडले होते. तोंड भिंतीतल्या नळीला लावलेलं. कोल्ड स्टोरेजच्या खोलीत यंत्रावरचा बर्फ वितळतो, ते पाणी बाहेर जायला अशी नळी असते. दार वीतभर जाड, त्यातून आवाज जात नाही. नळीतून जातो. नळीचं दुसरं तोंड बाहेर नालीवर होतं, आणि नालीच्या काठाशी, उन्हाला पाठ देऊन, काशी आणि आणखी दोघी भाकर खात बसल्या होत्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. ठेच्यात मीठ कमी पडलं, असं काहीतरी चाललं होतं.

"काशी," मी ओरडले. "काशीबाई."

बोलणं थांबलं. डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काशी, जिच्याबरोबर मी निम्मं आयुष्य काम केलं ती काशी, दबक्या आवाजात म्हणाली, "उठू नको वं. ओ देऊ नको."

आत काळोख होता. पंखा फिरत होता. माझ्यामागे सर मांडीवर कुंडी घेऊन बसले होते आणि त्यांचे दात वाजायचे थांबले होते. दात वाजतात तोवर माणूस थंडीशी भांडत असतो. थांबले म्हणजे भांडण सोडलं.

"सर, बोला काहीतरी," मी म्हटलं.

ते बोलले, पण माझ्याशी नाही.

काशी काहून उठली नाही, हे समजायला आधी आमचं काम समजावं लागेल. मी पारूबाई. माहेर चांदूर रेल्वेकडचं, शाळा चौथीपर्यंत. अमरावतीच्या बाहेर आमच्या मालकाची नर्सरी आणि तिला लागूनच संत्र्याचं कोल्ड स्टोरेज. आम्ही नुसतं कोल्ड म्हणायचो. पावसाळ्यानंतर नर्सरीत कलमं बांधायची, हंगाम सरला की कोल्डमध्ये क्रेट लावायचे. माझं खरं काम कलमाचं. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. जंबेरी म्हणून एक आंबट लिंबू असतं, त्याचं रोप घ्यायचं, सालीला उभी-आडवी चीर द्यायची, आत संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, बसवायचा आणि पट्टी बांधायची. डोळा धरला की वरची जंबेरी छाटून टाकायची. मग खाली जंबेरीचे पाय, वर संत्र्याचं अंग. लोक वरचंच नाव घेतात. खालच्याला कोणी विचारत नाही.

खालचं मात्र विसरत नाही. पातूरकडचा एक माणूस एकदा भांडायला आला होता. म्हणे तुमच्या झाडाचा संत्रा आंबट निघाला. मालकानं मला त्याच्या शेतात पाठवलं. झाड पाहिलं तर संत्रा कधीच मेला होता. वरचं अंग वाळून गळून पडलं, खालची जंबेरी फुटून त्याच जागी उभी राहिली, आणि हा गडी वर्षानुवर्षं तिलाच संत्रा म्हणून पाणी देत होता. त्याची बायको चुलीजवळून म्हणाली, "मी यायले कवाची सांगून राहिली, हे आपलं झाड नाही. याची सावली येगळी पडते." तो म्हणाला, "सावलीले काय कळते." बाईचं बरोबर होतं. त्या झाडाखाली उभं राहायला मलाही बरं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट या कामात शिकले. झाडाला नावाची पाटी तारेनं बांधायची नाही. झाड जाड होतं, तार सालीत रुतते, आणि पाटी आत जाते. मी नाव गिळलेली झाडं पाहिली आहेत. बाहेर पत्र्याचा एक कोपरा दिसतो, बस. म्हणून मी पाटी सुतळीनं बांधते. सुतळी कुजते, झाड मोकळं राहतं.

आता कोल्डचा नियम. कोल्डमध्ये माणसाचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचं ते मालाचं. आंबिया बहाराच्या संत्र्याचे क्रेट काढायचे तर "आंबिया घे" म्हणायचं, मिरग बहाराचे असतील तर "मिरग घे". जिचं काम असेल ती गाडी घेऊन येते. याचं एक कारण सरळ आहे. आत पंखे चालू असतात, क्रेटच्या भिंती उभ्या असतात, हाक या कोपऱ्यात मारली तर त्या कोपऱ्यातून आल्यासारखी वाटते. नाव ऐकून बाई भलत्या गल्लीत शिरते. दुसरं कारण जुन्या बायका सांगत. तिन्हीसांजेला बाहेरून नावानं हाक आली तर आपल्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. कोल्डमध्ये भर दुपारीही तिन्हीसांज असते. बंद खोलीतून कोणी नावानं बोलावलं तर ओ द्यायची नाही, जागेवरून उठायचं नाही. नवीन बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिला हे सांगितलं जायचं. शेवटच्या काही वर्षांत सांगणारी मीच होते. त्या दुपारी मी शिकवलेलं त्यांनी बरोबर पाळलं.

सर अकोल्याचे, जठारपेठेतले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली. एकच मुलगी, मेधा, ती जपानात नोकरीला होती आणि तिकडेच आजारपणात गेली. सर तिच्या अस्थी आणायला गेले. येताना अस्थींबरोबर झाडंही आणली. मुळांवरची माती धुतलेली, शेवाळात गुंडाळलेली, सरकारी कागद केलेली. टेम्पोतून कुंड्या घेऊन ते आमच्या कोल्डच्या दारात उभे राहिले तेव्हा नुसत्या काड्या होत्या. पान नाही, काही नाही. मालकाला म्हणाले, "यांना हिवाळा द्यायचा आहे. अकोल्यात हिवाळा मिळत नाही."

मालक हसले, पण बाजूची छोटी खोली दिली. संत्र्याबरोबर ठेवता येत नव्हतं. पिकल्या फळाची वाफ लागली तर या झाडांच्या कळ्या आतच मरतात. ती झाडं सांभाळायला मला सांगितलं, कारण कलमं मला कळतात.

त्या झाडाला जपानात बोतान म्हणतात. आपल्याकडे नाव नाही, कारण आपल्याकडे झाडच नाही. गुलाबासारखं लाकडाचं झुडूप, आणि फूल म्हणे जेवायच्या ताटाएवढं. सर मधूनमधून अकोल्याहून यायचे आणि कडुलिंबाखाली बसून आम्हाला सांगायचे. बोतान आधी चीनचं. मुळाची साल औषधाला लागते म्हणून साधूंनी जपानात नेलं आणि देवळात लावलं. मग सरदारांना त्याचं वेड लागलं, मग व्यापाऱ्यांना, मग माळ्यांना. बी पेरून नवनवीन फुलं काढायची आणि त्यांना नावं द्यायची. माणसाचं नाव क्वचितच द्यायचे. सूर्य, बर्फ, सिंह, पक्षी, वस्त्र अशी नावं. कोणत्या नावाचं फूल कसं, याची चित्रांची पुस्तकं निघायची.

प्रत्येक काडीला पत्र्याची पाटी होती. कुंड्या आत न्यायच्या आधी काशी एकेक पाटी धरून विचारत होती.

"याचं नाव काय जी?"

"रेनकाकु. उडत्या सारसांचा थवा. पांढरंशुभ्र फूल."

"मंग बगळा म्हना ना. आमच्या जिभेले सारस नाही झेपत."

"हा हाना-दाइजिन. म्हणजे फुलांमधला मंत्री."

यंत्रावर काम करणारे नसीरभाई तिथंच बिडी ओढत होते. ते म्हणाले, "मंत्री हाय तं ठेवा थंड्यात. बाहर बहोत गरम होऊन राहिला असंल."

सर हसले नाहीत. पुढची पाटी धरली. "ताइयो. सूर्य. लालभडक. आणि हा शिमा-निशिकी, बेटावरचं भरजरी कापड. एकाच फुलात लाल आणि पांढरे पट्टे."

"लुगडं," मी म्हटलं.

तर सूर्य, बगळा, मंत्री आणि लुगडं. कोल्डमध्ये तीच नावं चालली. त्यातलं लुगडं म्हणजे सूर्याचंच अंग. सूर्याच्या एका फांदीवर एकदा आपोआप पट्ट्याचं फूल आलं. ती फांदी तोडून दुसऱ्या मुळावर जोडली आणि वेगळं नाव दिलं. पण लुगड्याला मधूनच आठवण होते. सगळ्या फांद्यांवर पट्ट्याची फुलं असतात आणि एका फांदीवर साधं लाल फूल येतं. सूर्य परत येतो.

"बी पेरलं तर कसं निघते?" मी विचारलं. कलमवालीला हे विचारावंच लागतं.

"प्रत्येक रोप वेगळं निघतं, पारूबाई. पहिलं फूल यायला वर्षं जातात. तोवर त्याला नाव नसतं. फूल पाहायचं, चांगलं असलं तर नाव द्यायचं, नसलं तर रोप उपटून फेकायचं. नाव मिळालं की मग बी नाही, फक्त काडी जोडत जायचं. म्हणजे आजचा बगळा हा पहिल्या बगळ्याचा मुलगा नाही की नातू नाही. तोच बगळा आहे."

काशी म्हणाली, "म्हंजे ज्यानं नाव ठेवलं थो मेला, ज्यायनं पायलं थे मेले, अन् झाड तेच?"

"तेच. हजार ठिकाणी."

काशीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "बापा. असं नाव नको मले."

एक कुंडी सरांनी स्वतःच्या हातानं आत ठेवली. दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. तिला पाटी नव्हती. जपानात दाइकोन नावाचं एक लहान बेट आहे, म्हणजे मुळ्याचं बेट. तिथं घरोघर बोतान लावतात. पूर्वी तिथल्या बाया पाठीवर रोपं बांधून दूरदूरच्या गावांत विकायला जात. मेधा अशाच एका म्हातारीकडे खोली घेऊन राहायची. तिच्याकडून बी पेरायला शिकली. मेधानं पेरलेल्यातलं हे एकच रोप जगलं, आणि त्याला फूल यायच्या आत ती गेली. म्हातारी सरांना म्हणाली, घेऊन जा, इथं फूल चांगलं आलं नाही तर मी उपटून टाकीन, माझी रीत आहे.

या रोपाला पहिली कळी त्या हिवाळ्यात धरली होती. सूर्य मेला असता तर बेटावर हजार सूर्य होते. हिचं मात्र एवढंच अंग. फूल आलं तर सर ते पाहणार आणि नाव देणार. कोणतं नाव ते सांगायची गरज नव्हती. घरी ते तिला त्याच नावानं बोलवायचे.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, घरी काय म्हणायचं ते म्हणा. कोल्डमध्ये ते नाव घेऊ नका."

"का?"

"आमचा नियम आहे."

"मग काय म्हणू?"

"बिननावाची म्हणा. आम्ही तेच म्हणतो."

त्यांनी मान हलवली. शिकलेला माणूस, पण नियम मानला. निदान दिवा चालू असेपर्यंत मानला.

त्या खोलीच्या दाराचा आतला खटका बिघडलेला होता. बाहेरून दार उघडायचं, आतून नाही. नसीरभाईंनी मालकाला सांगितलं होतं, आणि आम्हाला बजावलं होतं, "बाई, अंदरचा खटका मेलेला हाय. कोणी अंदर गेलं तं दारात पोतं दाबून ठेवत जा." आम्ही ठेवायचो. पण कोल्डच्या बाईच्या हातालाच एक सवय असते. दार उघडं दिसलं की लोटायचं. थंडी बाहेर जाते, मालक ओरडतात. पोतं दिसलं की वाटतं, कोणीतरी निष्काळजीपणानं टाकलं.

संक्रांत झाली होती. कुंड्या बाहेर काढायचा दिवस जवळ आला म्हणून सर कळी पाहायला आले. जेवायची वेळ होती. मी दारात पोतं दाबलं आणि त्यांच्याबरोबर आत गेले. सर म्हणाले, "दिवा नको. निजलेल्या झाडाला एकदम उजेड नको." त्यांच्या मोबाईलच्या उजेडात आम्ही वाकून कळी पाहिली. बोराएवढी झाली होती. सर एवढे खूष झाले की खालीच बसले.

मागे दार बसल्याचा आवाज आला. आवाज फार मोठा नव्हता. कोणी लोटलं ते मी आजवर विचारलेलं नाही. तिघींपैकी एकीनं लोटलं, तिघींनीही लोटलं असतं. दिव्याचं बटण बाहेर. ते बंद, दार अर्धवट, आत अंधार. मी तिथं असते तर मीही लोटलं असतं. आम्ही दोघं चहाला गेलो असं त्यांना वाटलं.

मी दार ठोकलं. हात सोलले, आवाज गेला नाही. पत्र्याच्या खोलीत मोबाईल लागत नव्हता, आणि थंडीनं त्याची बॅटरी बसली. मग अंधार. सरांच्या अंगात पातळ सदरा होता. मी चाचपडत कुंड्यांवरची पोती ओढली आणि त्यांच्या अंगावर टाकली. कुंडी सोडा म्हटलं तर सोडेनात. तेव्हा मला नळी आठवली आणि मी ती पहिली हाक मारली. पुढं काय झालं ते सांगितलं आहे.

सर बोलले ते हे. "मेधा, दार उघड गं."

जोरात बोलले. शाळेत वर्गाला हाक मारतात तसं. मी त्यांचं तोंड दाबायला गेले, पण गेलेली हाक परत येत नाही. नळीतून पलीकडची एक बाई ऐकू आली, "माय वं, सरायची मेलेली पोट्टी." मग भांडी गोळा केल्याचा आवाज. मग चपला. चपला लांब जात गेल्या आणि नळीत काहीच उरलं नाही.

नावाची हाक चालणार नव्हती. मग मालाची मारायची. मी पुन्हा पालथी झाले आणि कामाच्या आवाजात ओरडले, "सूर्य घे. बगळा घे. मंत्री घे. लुगडं घे." परत तेच. परत तेच. बिननावाची मी म्हटली नाही. ती सरांच्या मांडीवर होती, गाडीवर घालायची नव्हती, आणि ओरडताना माझं मन सरळ कामासारखं चाललं होतं. घशातून आवाज निघेना झाला तेव्हा थांबले. बाहेर कोणी नव्हतं.

सरांजवळ जाऊन बसले. पोत्यात आम्ही दोघं, मध्ये कुंडी. अंधारात पाट्या वाजत होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं पत्र्याच्या पाट्या काड्यांवर आपटतात, टिक टिक, टिक टिक. हा आवाज माझ्या ओळखीचा होता, सोबत वाटली. मग पंखा थांबला. बर्फ वितळवायला यंत्र मधून थांबतं, त्यात नवल नाही. वारा गेला, पाट्या थांबल्या. एक थांबली नाही.

टिक टिक. माझ्या हाताशी. मांडीवरच्या कुंडीतून.

त्या कुंडीला पाटी नव्हती. मी काडीवरून खालपासून वरपर्यंत बोटं फिरवली. काडी लागली, कळी लागली, दुसरं काही नाही. आवाज चालू. सरांचे दात असतील म्हणून त्यांच्या जबड्याला हात लावला. जबडा गच्च मिटलेला होता, थंड होता, हलत नव्हता. मी हात काढून घेतला आणि माझ्या काखेत धरला. माझं वय त्या वेळी भ्यायचं नव्हतं. पण त्या कुंडीला मी परत हात लावला नाही.

मग दारात उजेडाची रेघ आली, रेघेची फट झाली, आणि ऊन आत आलं. काशी दारात उभी होती. हातात गाडी होती. कुंड्या न्यायची रिकामी हातगाडी.

"पारूबाई?" ती म्हणाली. "तू अंदर काय करून राहिली?"

नसीरभाई धावत आले. सरांना त्यांनी पोत्यासकट उचलून उन्हात आणलं, तळपाय चोळले, पण कुंडी त्यांच्या हातातून त्यांनाही सोडवता आली नाही. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सनं सोडवली. सर बरेच दिवस दवाखान्यात होते. छातीत कफ धरला होता.

संध्याकाळी मी काशीला विचारलं. रागावले नव्हते. नियम तिनं पाळला होता.

"मंग आली काहून?" मी म्हटलं.

"हाक आली म्हून आली."

"पहिल्या हाकेले तं उठली नाही."

"थे नावाची होती. तुह्या आवाजात होती, माह्या नावाची होती. उठली असती का मी? मंग सरायनं पोट्टीचं नाव घेतलं. आमी तिकडं लिंबाखाली जाऊन बसलो."

"लिंबाखाली नळीचा आवाज येत नाही."

"नाही येत. पण आला. कामाची हाक होती. मले वाटलं मालकाची सून आली अन् माल काढून राहिली. म्हून गाडी घेतली."

"मी ओरडत होती थे. सूर्य घे, बगळा घे."

काशीनं माझ्याकडे पाहिलं. "सूर्य-बगळा मी नाही ऐकलं, पारूबाई. एकच हाक होती. बिननावाची घे. अन् तुह्या आवाजात नव्हती. जवान पोट्टीचा आवाज होता."

बाकीच्या दोघींना विचारलं. एक म्हणाली ऐकलं. दुसरी म्हणाली, तिनं काही ऐकलं नाही, काशी उठली एवढंच पाहिलं. नसीरभाई म्हणाले, नळीतून आवाज बारीक होतो, माझाच असेल. असेल. पण मी ते म्हटलं नव्हतं. जे ऐकू आलं आणि जे मी बोलले, तेवढंच लिहिते आहे. त्याचा अर्थ लावायचं काम माझं नाही.

फूल आलं ते सर घरी आल्यावर. त्यांनी निरोप पाठवला म्हणून मी अकोल्याला गेले. जठारपेठेतल्या गॅलरीत, दोरीवरच्या पंच्याच्या सावलीत कुंडी ठेवली होती. सूर्य, बगळा, मंत्री आणि लुगडं आधीच फुलले होते आणि सरांनी सांगितलं होतं तसेच फुलले होते, ताटाएवढे. शेजारचे लोक जिना चढून पाहायला येत होते. बिननावाचीचं फूल वाटीएवढं. पाकळ्या थोड्या. रंग धुऊन विटलेल्या जांभळ्या कापडाचा. वास जवळजवळ नाही, ओल्या लाकडाचा असतो तेवढा. लोक तिच्यावरून नजर फिरवून सूर्याकडे जात होते.

सर खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत होते. आवाज अजून बसलेला होता.

"पारूबाई, त्या म्हातारीनं हे उपटून टाकलं असतं."

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं. "आम्हीही टाकलं असतं. विकायच्या कामाचं नाही."

"मग?"

"मग काय. तुम्ही पाहून घेतलं ना."

मी विचारलं, "नाव काय ठेवता?"

सूर्यापाशी नवी कोरी पाटी पडलेली होती. चित्रकलेच्या हातानं रंगवायला रंगही काढून ठेवलेला होता. सरांनी पाटी उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर उलटी ठेवली.

"मी मेधा म्हणणार होतो. त्या दिवशी त्या नावानं हाक मारली तर तुमच्या बाया पळाल्या. काशीबाईंनी जे ऐकलं ते तुम्ही सांगितलं मला. तिनं स्वतःचं नाव घेतलं नाही. कामाचं नाव घेतलं आणि आपल्याला बाहेर काढलं. आता मी कोण बदलणारा?"

पाटी बांधली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सूर्य मेला. मग मंत्री, मग बगळा. लुगडं सर्वांत शेवटी. वऱ्हाडाचं ऊन त्यांना झेपणारं नव्हतंच. मरायच्या आधी लुगड्याला एक कळी आली आणि ती पूर्ण लाल निघाली. ते सगळे दुसऱ्याच्या मुळावर जोडलेले होते, मूळ तापलं की वरचं अंग धरत नाही. बिननावाची बीपासून आलेली, स्वतःच्या मुळावर उभी. ती वाळल्यासारखी होते आणि पावसात परत फुटते. सूर्याचं मूळ थोडं जिवंत होतं तेव्हा मी तिची काडी त्यावर जोडून पाहिली. लागली नाही. आयुष्यभर हजारो डोळे बांधले, आणि जिचं दुसरं अंग करून ठेवायला हवं होतं तिचं मला करता आलं नाही. ते मनात राहिलं.

आता माझं काम सुटलं आहे. मालकानं त्या खोलीचा खटका बदलला. दिव्याचं एक बटण आतही बसवलं. नियम तोच आहे, नव्या बायांना आता काशी सांगते. त्यात एक गोष्ट तिनं वाढवली आहे. नावाची हाक आली तर ओ द्यायची नाही, पण आत कोण आहे ते मोजून यायचं. दर हिवाळ्यात मी कुंडी घेऊन कोल्डला जाते. आत मी नेत नाही, नसीरभाई नेतात. मी दारात स्टूल टाकून बसते.

सर मागच्या वर्षी गेले, झोपेत, जठारपेठेतल्या घरी. कुंडी त्यांनी आधीच माझ्याकडे पाठवून दिली होती.

त्या दुपारी खोलीतून जिवंत बाहेर आलो ते आम्ही तिघं. सर, मी आणि ती. आता दोघी आहोत.